पनवेलच्या वेशीवर वीस पैलूंचा फासा

रोल प्लेइंग गेममध्ये ड्रॅगन हवा की धनावरचा नाग, एल्फ हवा की गिऱ्हा? परंपरेतील अद्भुताची निवड करताना कोणती कसोटी लावावी, याचा विचार

टेबलाभोवती बसून खेळायचा रोल प्लेइंग गेम हा प्रकार मराठी शहरी घरांना आता अगदीच अपरिचित राहिलेला नाही. २०१६ साली सुरू झालेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतील मुले तळघरात बसून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना दिसली आणि त्या खेळाचे नाव नव्या पिढीच्या कानांवर पडले. खेळाची मांडणी साधी आहे. चार-पाच खेळाडू एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा होतो, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो, 'समोर बंद दरवाजा आहे, आतून गुरगुरण्याचा आवाज येतो, काय करता?' असे विचारतो. खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. कृती अवघड असेल तर वीस पैलूंचा फासा टाकून यशापयश ठरते. यात पट नसला तरी चालते, सोंगट्या नसल्या तरी चालते आणि शेवटी कोणी एक जिंकतो असेही नाही. सर्वांनी मिळून एक कथा घडवायची, एवढाच उद्देश.

या कथेत अद्भुत लागतेच. मग प्रश्न येतो तो कोणते अद्भुत घ्यावयाचे याचा. इंग्रजी नियमपुस्तकांतून ड्रॅगन, एल्फ, ड्वार्फ, ऑर्क असे तयार सैन्य मिळते. पण खेळणारी मंडळी पनवेल, डोंबिवली किंवा चिंचवडची असतील तर त्यांच्या आजीच्या गोष्टींत यांपैकी कोणीच नव्हते. तिथे वेताळ होता, मुंजा होता, हडळ होती, विहिरीतल्या आसरा होत्या. या मंडळींना टेबलावर आणावे काय, आणावे तर कोणाला आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न वरकरणी करमणुकीचा वाटला तरी त्याच्या तळाशी श्रद्धा, जात आणि स्त्रियांची दु:खे यांचे थर आहेत.

परदेशी खेळातले आपले राक्षस

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे जनक. त्यांनी अद्भुताची सामग्री कोणत्याही एका परंपरेतून घेतली नाही. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधील (१९५४-५५) वंश घेतले. टॉल्किन यांच्या हक्कधारकांकडून आक्षेप आल्यावर 'हॉबिट' हे नाव बदलून 'हाफलिंग' करावे लागले. मांत्रिकाने मंत्र पाठ करायचा आणि एकदा वापरला की तो त्याच्या स्मरणातून पुसला जायचा, ही कल्पना जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातली. तोडले तरी पुन्हा जुळून येणारा ट्रोल आला तो पोल अँडरसन यांच्या कादंबरीतून. अशी ही खिचडी. खेळाडूंना ती रुचली, कारण तिच्यातल्या प्रत्येक जिनसाने त्यांच्यापुढे काही ना काही पेच टाकला.

या खिचडीत भारतीय जिन्नसही लवकरच पडले. १९७७ सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या पुस्तकात नाग आहेत आणि राक्षसही आहे. परंतु हा राक्षस वाघाच्या तोंडाचा, अंगात उंची कपडे आणि हातात चिलीम घेतलेला असा चितारलेला आहे. मंतरलेल्या बाणाने तो मरतो, हा नियम १९७४ च्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेतून उचललेला होता. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे तळहात उलटे, म्हणजे मागच्या बाजूस असल्याचे वर्णन येते. उलटी पावले असलेल्या भुताच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हे वाचून किंचित हसू येईल.

मात्र खरी उणीव रूपाच्या वर्णनात नाही, ती स्वभावाच्या वर्णनात आहे. त्या पुस्तकात राक्षस ही एक जात आहे आणि ती सगळी दुष्ट आहे. आपल्या परंपरेत रावण राक्षस आहे तसा विभीषणही राक्षसच आहे. हिडिंबा भीमाची पत्नी होते आणि तिचा मुलगा घटोत्कच पांडवांसाठी प्राण देतो. राक्षसाची भेट झाली की तलवार काढावी की सोयरीक जमवावी हे आधी ठरलेले नसते. खेळाच्या दृष्टीने पाहिले तर हाच राक्षस अधिक कामाचा, कारण तो खेळाडूला विचार करायला लावतो. मूळ खेळाच्या कर्त्यांनाही जन्मावरून चारित्र्य ठरवण्यातील दोष कालांतराने जाणवला. २०२४ च्या नियमपुस्तकातून 'रेस' हा शब्द गेला आणि त्या जागी 'स्पीशीज' हा शब्द आला.

१९८० साली 'डिइटीज अँड डेमिगॉड्स' हे पुस्तक आले. त्यात ग्रीक, नॉर्स देवतांच्या शेजारी इंद्र, विष्णू, लक्ष्मी, काली यांचीही नोंद आहे आणि प्रत्येकापुढे किती घाव सोसल्यावर तो पडेल याचा आकडा आहे. झ्यूसची पूजा करणारा समाज आज जवळजवळ उरलेला नाही. लक्ष्मीची पूजा मात्र दर दिवाळीला घरोघर होते. दोघांना एकाच तक्त्यात बसवणे हे अज्ञानातून झाले असेल, पण त्याने एक प्रश्न कायमचा उभा केला. ज्यांच्यावर माणसांची जिवंत श्रद्धा आहे त्यांना खेळातील प्यादे करावे काय?

दशावतारातली सोंगे

सोंग घेऊन कथा घडवणे ही गोष्ट मराठी मुलखाला शिकवावी लागत नाही. पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ दक्षिणेकडे सिंधुदुर्गात उतरला की जत्रांच्या हंगामात रात्रभर चालणारा दशावतार पाहायला मिळतो. दशावताराची परंपरा अशी की त्याला लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे ते ठरते, भूमिका वाटून दिल्या जातात, कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक असतो. संवाद मात्र नटांनी रंगमंचावर, समोरच्याचे बोलणे ऐकून, तिथल्या तिथे रचायचे असतात. राजाने शब्दांत अडकवले तर राक्षसाने शब्दांतूनच सुटायचे. वीस पैलूंच्या फाशाखेरीज रोल प्लेइंग गेमचे बहुतेक सगळे अवयव येथे आहेत.

याच दशावतारात पूर्वरंगी संकासुर येतो. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा असुर नखशिखान्त काळ्या वेषात असतो. तो मालवणीत बोलतो, थट्टामस्करी करतो, प्रेक्षकांना हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. पोरेटोरे त्याला भितात आणि त्याचीच वाटही पाहतात. ज्याच्याशी बोलता येते, हुज्जत घालता येते असा हा असुर आहे. टेबलावरच्या खेळातील राक्षसाने त्याच्याकडून एवढे तरी घ्यावे की, मरण्यापूर्वी त्याला काही सांगायचे असावे.

पनवेल परिसराचा नकाशा

आता समजा, एखाद्या सूत्रधाराने आपली कथा पनवेल परिसरात मांडायची ठरवली. काळ रेल्वेच्या आधीचा. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली. तोपर्यंत घाटावरचा माल उतरून पनवेलच्या बंदरातून गलबतांवर चढत असे. इंग्रजी खेळाला जसे भुयारी तळघर लागते तसे येथे किल्ले आहेत. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा उभा सुळका दुरूनही ओळखू येतो. त्या सुळक्यावर आग्या मोहोळे असतात आणि त्यांच्या वाटेला न जाणे हाच शहाणपणा मानला जातो. गडावर पाण्याची खोदलेली टाकी आहेत, वाटेत कर्णाई देवीचे स्थान आहे. पायथ्याच्या रानाला १९६८ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पलीकडे प्रबळगड आणि त्याच्या शेजारी कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्यांचा कलावंतीण दुर्ग आहे. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर निव्वळ पाय ठेवणे हीच फासा टाकण्याजोगी कृती आहे.

या भूगोलात कोण राहतात याची एक जुनी यादी उपलब्ध आहे आणि तिचा इतिहासही चमत्कारिक आहे. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी गोळी घातली, हे सर्वश्रुत आहे. या जॅक्सनने मृत्यूपूर्वी लोकसमजुतींची टिपणे जमवली होती. ती आर. ई. एन्थोव्हेन या दुसऱ्या सनदी अधिकाऱ्याने संकलित केली. त्यांतील कोकणचा भाग १९१५ साली प्रसिद्ध झाला. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतील गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेली उत्तरे हा त्याचा आधार. पनवेल त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात होते. या टिपणांत वेताळ, मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, देवचार, हडळ, जखीण, गिऱ्हा, चकवा अशी भुताखेतांची मोठी वंशावळ आढळते.

ही वंशावळ वाचताना ध्यानात येते ती एक गोष्ट. यांतील बहुतेक जण एखाद्या जागेशी बांधलेले आहेत आणि प्रत्येकाशी वागण्याची एक रीत आहे. देवचार गावाच्या वेशीची राखण करतो. त्याला वर्षाकाठी नारळ, कोंबडे असा मान द्यावा लागतो. तो चुकला की कुरबूर सुरू होते. मुंजा पिंपळावर असतो. चकवा रात्रीच्या वाटसरूला गोल गोल फिरवतो, आणि चकवा लागला असे वाटले की आहे तिथेच बसून उजाडण्याची वाट पाहावी, असे जुनी माणसे सांगतात. गिऱ्हा पाण्यात राहतो, बुडून मेलेल्याचे ते भूत. त्याचे केस ज्याच्या हाती लागतील त्याचा तो चाकर होतो अशी एक समजूत आहे. पण तो ते केस परत मिळवण्यासाठी टपलेला असतो आणि मिळाले की सूड घेतो.

सूत्रधाराच्या नजरेने यांकडे पाहिले तर हे सगळे तयार नियम आहेत. चकवा लागला तर पुढे चालत राहायचे की पहाटेपर्यंत थांबून हातची संधी घालवायची? खाडीपलीकडे एका रात्रीत माल पोचवायचा आहे आणि गिऱ्ह्याचे केस हाताशी आहेत. त्याला राबवायचे काय, आणि ते केस आयुष्यभर लपवायचे कुठे? वेशीवरच्या राखणदाराचा मान गावाने तीन वर्षे दिलेला नाही. त्याचा राग गावावर आहे, वाटसरूंवर नाही. मग वाटसरूंनी गावकऱ्यांची बाजू घ्यावी की त्याची? यांपैकी एकाही प्रसंगात तलवारीचा घाव किती खोल गेला हे मोजण्याची गरज पडत नाही.

कोणताही अद्भुत घटक खेळात शोभतो की नाही याची पहिली कसोटी येथे मिळते. तो घटक आला की खेळाडूला शिकता येईल असा एक नियम आणि पाळायला किंवा मोडायला एक निवड त्याने सोबत आणली पाहिजे. ड्रॅगन या कसोटीला उतरतो तो त्याच्या पंखांमुळे वा आगीमुळे नव्हे. तो धनावर बसलेला असतो आणि त्या धनाचा मोह खेळाडूला असतो म्हणून. आपल्याकडे हेच काम धनावरचा नाग करतो. पुरलेल्या द्रव्यात वासना अडकून मेलेला माणूस नाग होऊन ते राखतो, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. येथे खेळाडूपुढे जादा पेच असा की, हा नाग कोणाचा तरी पूर्वज आहे. त्याला मारायचे की त्याची वासना फेडायची? पंखवाला ड्रॅगन आयात करण्याची आवश्यकता मग फारशी उरत नाही.

रायगड जिल्ह्याने आणखी एक अस्सल वस्तू देऊ केली आहे. अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. तो गधेगाळ आहे. गधेगाळ म्हणजे दानाचा लेख आणि त्याखाली ते दान मोडणाऱ्याला दिलेला शाप. वर सूर्य-चंद्र कोरलेले असतात. ते आहेत तोवर हे दान टिकावे असा त्याचा अर्थ. खाली गाढवाची आकृती आणि करार मोडणाऱ्याच्या मातेची विटंबना होईल अशी धमकी. शिलाहारांच्या काळात कोकणात असे अनेक दगड उभे राहिले. कायद्याचा हात पोचत नसे तिथे शापाचा दगड पहारा करी. खेळात शाप हवा असेल तर तो असा हवा. त्याचे कलम वाचता येते, तो मोडायचा की नाही हे ठरवता येते आणि त्याचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या चालतो. मात्र या शापातील स्त्रीच्या विटंबनेचे काय करायचे, हा प्रश्नही दगडाबरोबरच टेबलावर येतो. दगड घ्यावा, शाप नव्याने लिहावा, हे त्याचे सरळ उत्तर आहे.

वर, शाप आणि पळवाटा

लोकसमजुतींप्रमाणेच महाकाव्यांतील अद्भुतही नियमांनी बांधलेले आहे. हिरण्यकशिपूने मागितलेला वर म्हणजे एक कायदेशीर मसुदाच आहे. दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको, माणसाकडून नको, पशूकडून नको. नरसिंह त्या मसुद्यातील पळवाट शोधतो. रक्तबीजाचे रक्त जमिनीवर सांडले की त्या थेंबातून नवा रक्तबीज उभा राहतो. अधिक जोराने मारणे हा येथे उपाय नसून ते रक्त जमिनीला लागू न देणे हा उपाय आहे. जरासंधाचे दोन तुकडे पुन्हा पुन्हा जुळतात, तेव्हा कृष्ण काडी चिरून तिचे तुकडे विरुद्ध बाजूंना फेकतो आणि भीम काय ते समजतो, अशी कथा सांगितली जाते. सूत्रधाराने खेळाडूला सूचना कशी द्यावी याचा हा नमुना आहे.

मंत्राच्या विस्मरणाची जी कल्पना अमेरिकी खेळाने १९५० च्या पुस्तकातून घेतली ती कर्णाच्या कथेत किती तरी आधी आली आहे. ऐन वेळी ब्रह्मास्त्र आठवणार नाही हा परशुरामाचा शाप आणि एकदाच वापरता येणारी इंद्राची शक्ती, या दोन मर्यादांनी कर्णाचा शेवट घडवला. ती शक्ती अर्जुनासाठी राखायची की समोर सैन्य जाळणाऱ्या घटोत्कचावर आत्ता सोडायची, हा कर्णापुढचा पेच टेबलावर बसलेल्या कोणत्याही खेळाडूला लगेच कळेल.

कोणाला बाहेर ठेवावे

आता दुसरी कसोटी. या घटकाच्या पाठीमागे कोण उभे आहे, हे विचारल्याशिवाय निवड पुरी होत नाही.

वेताळाचे उदाहरण घेतले तर अडचण स्पष्ट होते. गोष्टींतला वेताळ हा भुतांचा राजा आहे, अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन त्याची पालखी निघते, 'वेताळपंचविशी'त तो विक्रमाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो. प्रेतात शिरून प्रश्न विचारणारे आणि उत्तर दिले की निसटणारे हे पात्र खेळासाठीच घडवले असावे असे वाटते. पण सिंधुदुर्गातील आरवलीचा वेतोबा हा ग्रामदेव आहे. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो या श्रद्धेने भाविक त्याला चामड्याच्या मोठ्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. गोव्यातही वेताळाची देवस्थाने आहेत. कथेतला कोडी घालणारा वेताळ घेण्यास हरकत नसावी. वेतोबाला मात्र किती घाव सोसतो याचा आकडा लावणे म्हणजे १९८० च्या चुकीची, तीही घरच्याच माणसांकडून, पुनरावृत्ती होईल. विहिरी-टाक्यांवर पूजल्या जाणाऱ्या साती आसरा, म्हसोबा, गावदेवी यांनाही हेच लागू पडते. ते कथेच्या पार्श्वभूमीत राहू शकतात. पात्रे त्यांना नारळ ठेवू शकतात, कौल लावू शकतात. त्यांच्याशी झुंज नसावी.

दुसरा मुद्दा जातीचा. शाळामास्तरांच्या त्या जुन्या उत्तरांत भुतांची वर्गवारी जातीनुसार केलेली सापडते. मुंजा हा मुंज होऊन सोडमुंजीआधी वारलेला ब्राह्मण मुलगा, समंध हाही ब्राह्मणाचा, झोटिंग खारवी-कोळ्यांचा, आणि इतर जातींना इतर भुते. म्हणजे मेल्यानंतरही जात सुटली नाही. बहुधा वरच्या जातीचे भूत थोडे सभ्य आणि परक्या धर्माचे वा खालच्या मानलेल्या जातीचे भूत अधिक क्रूर, असाही कल दिसतो. जन्मावरून दुष्ट ठरवलेल्या ऑर्कबद्दल परदेशी खेळाडूंनी जो प्रश्न विचारला तोच येथे आपल्याला विचारावा लागेल. या भुतांचे खरे बळ अपुऱ्या राहिलेल्या इच्छेत आहे. इच्छा ठेवून जातीचे लेबल काढून टाकले तर मुंजाचे काहीही बिघडत नाही. अकाली गेलेल्या मुलाची गोष्ट कोणाच्याही घरातील असू शकते.

तिसरा मुद्दा स्त्रियांचा आहे आणि तो सर्वांत नाजूक आहे. हडळ किंवा अळवंतीण म्हणजे गरोदरपणात अथवा बाळंतपणात मेलेली बाई. ज्या काळात बाळंतपण हे स्त्रीच्या जिवावरचे संकट होते त्या काळाचे भय त्या आकृतीत साठले आहे. तिला केसांच्या जटा आणि उलटी पावले देऊन निव्वळ मारण्याजोगी चेटकीण केले तर मूळ दु:खच पुसले जाते. तिला खेळात आणायचे तर ती का परतली हा प्रश्न कथेच्या मध्यभागी हवा.

चेटूक आणि करणी यांबाबत तर अधिकच सावध राहिले पाहिजे. येथे केवळ भूतकाळाचा संबंध नाही. एखाद्या बाईला चेटकीण वा डाकीण ठरवून छळणे हा प्रकार महाराष्ट्राला अपरिचित नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा राज्यात आला. अमुक व्यक्ती करणी करते असे जाहीर करून तिचे जगणे अवघड करणे हा त्या कायद्यानुसार गुन्हा आहे. 'गावात चेटकीण कोण ते शोधून काढा' अशी कामगिरी खेळाडूंना देणारा सूत्रधार न कळत त्याच छळाची तालीम घेत असतो. तीच कथा उलटी बांधली, म्हणजे निरपराध बाईवर आळ घेणारा कोण आणि त्याचा डोळा तिच्या शेतावर आहे काय याचा शोध खेळाडूंना घ्यायला लावला, तर रहस्य टिकते आणि अन्यायाची बाजूही घेतली जात नाही.

मार्ग दाखवणारी उदाहरणे

या दोन्ही कसोट्या सांभाळून चांगली कलाकृती होऊ शकते याचे जवळचे उदाहरण म्हणजे राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' (२०१८). कोकणातील गाव, पाऊस, पडका वाडा, सगळे ओळखीचे. मात्र त्यातील हस्तर हा देव चित्रपटासाठी रचलेला आहे, कोणत्याही गावात त्याचे देऊळ नाही. त्याच्याभोवतीचे नियम कमालीचे स्पष्ट आहेत. पिठाचे रिंगण आखायचे, कणकेची बाहुली टाकायची, तो ती खाण्यात गुंतला असता त्याच्या कमरेची मोहर खेचायची. लोभ वाढला आणि बाहुल्या वाढल्या की हस्तरही वाढतात. नियम प्रेक्षकाला आधी कळतो, म्हणूनच पुढची चूक त्याला आधी दिसते आणि अंगावर काटा येतो.

स्वीडनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हेसेन' या खेळानेही असाच मार्ग धरला. एकोणिसाव्या शतकातील उत्तर युरोप, गावांतून येणारे कारखाने आणि रेल्वे, आणि त्यामुळे बिथरलेले जुने घरदेव, जलदेव. त्यांना शस्त्रांनी संपवता येत नाही. गावात फिरून ते का चिडले हे शोधावे लागते आणि योग्य विधी करून त्यांना शांत करावे लागते. आपल्या राखणदाराचा मान चुकण्याच्या गोष्टीशी याचे नाते सांगावे लागत नाही. भारतीय हाताने लिहिलेली उदाहरणेही आता येऊ लागली आहेत. २०२२ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या संग्रहात कोलकात्याच्या मिमी मंडल यांची पूर्व भारताच्या नद्या-जंगलांवरून स्फुरलेली कथा समाविष्ट झाली. कोकणची कथा अशा नियमपुस्तकात बसणार नाही असे मानण्याचे कारण उरलेले नाही.

वेस हलली की

पनवेल या सगळ्यासाठी योग्य स्थळ का, याचे उत्तर आजच्या पनवेलकडे पाहून मिळते. २०१६ साली येथे महापालिका झाली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांना दुसरीकडे वसावे लागले. गाव हलते तेव्हा घरांबरोबर देवळेही नव्या जागी बांधता येतात. पिंपळ, टाके, खाडीचे वळण आणि वेस मात्र उचलून नेता येत नाही. आणि मुंजा, गिऱ्हा, देवचार यांचे पत्ते नेमके तेच आहेत.

या समजुती खऱ्या मानाव्यात असा याचा अर्थ नाही. चकवा लागतो तो अंधार आणि थकव्यामुळे, हे आजच्या वाचकास सांगावे लागत नाही. परंतु गोष्ट म्हणून त्यांत एका भूप्रदेशाची ओळख साठलेली होती. कोणत्या पाण्यात उतरू नये, कोणत्या वाटेने रात्री जाऊ नये, कोणत्या हद्दीत शिरताना कोणाची परवानगी घ्यावी, हे त्या गोष्टी सांगत. जागा गेली की गोष्टीचा आधार जातो आणि एका पिढीत ती विसरली जाते.

अशा वेळी विमानतळालगतच्या एखाद्या सदनिकेत चार-पाच तरुण फासे घेऊन बसले आणि सूत्रधाराने विचारले की, 'वेशीचा राखणदार तुमच्या वाटेत उभा आहे. त्याची वेस उद्या सपाट होणार आहे. तो विचारतो, मी कुठे जाऊ? काय उत्तर देता?' तर त्या प्रश्नाला नियमपुस्तकात तयार उत्तर नाही. फासा टाकूनही ते मिळणार नाही. त्यासाठी खेळाडूंना आधी आजीला विचारावे लागेल, की त्या वेशीवर मुळात कोण होते.